वृद्धाश्रमातील नोंदी: कपाटातल्या आणि कामाच्या

वृद्धाश्रमात माणूस दाखल होतो तेव्हा त्याच्याविषयीची माहितीही संस्थेच्या ताब्यात येते. नाव, वय, गाव, जुने आजार, चालू गोळ्या, अडीअडचणीला कोणाला कळवायचे, अशी ती माहिती असते. घरी ती कोणी लिहून ठेवत नाही. कोणती गोळी जेवणाआधीची हे सुनेला ठाऊक असते, मागच्या वर्षी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते हे मुलीच्या लक्षात असते. संस्थेत माणसे पाळीने काम करतात, कर्मचारी बदलत राहतात, डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन जातात. घरात आठवणीवर भागते ते काम संस्थेत नोंदीवरच भागवावे लागते. निवासी एका हातातून दुसऱ्या हातात जातो, म्हणजे दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे किंवा आश्रमातून रुग्णालयात, तेव्हा आवश्यक माहिती त्याच्याबरोबर पोहोचली तर नोंद चांगली म्हणायची. या निकषाने पाहिले तर महाराष्ट्रातल्या वृद्धाश्रमांपुढचा प्रश्न माहिती कमी असण्याचा नाही. असलेली माहिती शिळी असते, विखुरलेली असते आणि नको तिकडे जाते.

आजची व्यवस्था

राज्यात वृद्धांच्या संस्थात्मक निवाऱ्याचा इतिहास जुना आहे. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ मध्ये उभी राहिली. १९९५ मध्ये राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. खानदेशात जळगावजवळ सावखेड्याला केशवस्मृती प्रतिष्ठानचा मातोश्री आनंदाश्रम आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात बहुतेक काम सार्वजनिक न्यास आणि सेवाभावी संस्थाच करतात.

न्यासाला दरवर्षी हिशेबाचे लेखापरीक्षण करून त्याचा अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. पैशाची नोंद त्यामुळे नियमित राहते. निवाशांच्या प्रकृतीच्या नोंदींना मात्र असा कोणताही धाक नाही. वर्षभरात किती जण पडले, किती जणांना रुग्णालयात न्यावे लागले, किती जणांचे वजन घटले, हे विचारणारी ठरलेली यंत्रणा नाही. २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या २००७ च्या अधिनियमाच्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या निवासी संस्थांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद होती, पण त्याचा कायदा झाला नाही.

सर्वसाधारण दाखल रजिस्टरात रकाने असतात ते अनुक्रमांक, नाव, वय, पत्ता, दाखल तारीख, आणणाऱ्याचे नाव, सही आणि शेवटी शेरा. औषधांची वही वेगळी, डॉक्टरांच्या भेटीची वही वेगळी, आधार व रेशनकार्डाच्या झेरॉक्स फायलीत, जुने केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत. दाखल होतानाची माहिती त्या दिवसापुरती खरी असते. तीन वर्षांनी गोळ्या बदललेल्या असतात, मुलाचा मोबाइल नंबर बदललेला असतो आणि रजिस्टर मात्र दाखल तारखेलाच थांबलेले असते. रोजच्या नोंदीत ‘बरे आहेत’ एवढेच येते. पानामागून पाने ‘बरे आहेत’ लिहिलेल्या वहीतून माणूस नेमका कधी बिघडू लागला हे शोधता येत नाही.

याच संस्थांमधून एक माहिती मात्र सहज बाहेर जाते. वाढदिवस, पुण्यतिथी, दिवाळी अशा निमित्ताने देणगीदार येतात, फळे आणि ब्लँकेटे वाटतात, आणि हात जोडून बसलेल्या आजी-आजोबांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर फिरतात. चेहरा, संस्थेचे नाव, कधी कधी ‘मुलांनी टाकलेली आई’ अशी ओळही त्याखाली असते. ज्या आजींचा फोटो तालुकाभर फिरला, त्यांच्या औषधांची यादी रात्री रुग्णवाहिकेत त्यांच्याबरोबर जाईलच याची खात्री नसते. सुधारणेची दिशा या विसंगतीतूनच ठरवावी लागेल. जे गावाला कळायचे कारण नाही ते आत राहावे, आणि डॉक्टरला कळायला हवे ते वेळेवर पोहोचावे.

हातोहाती निसटणारी माणसे

एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना काय घडू शकते याचे दुःखद उदाहरण जळगाव जिल्ह्यातील भुसावळच्या माणसांना ठाऊक आहे. जून २०२० मध्ये भुसावळची ऐंशी ओलांडलेली एक करोनाबाधित महिला जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल होती. २ जूनपासून ती बेपत्ता मानली गेली आणि १० जून रोजी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. ही घटना रुग्णालयातली आहे आणि साथीचा ताणही अफाट होता. तरी त्या आठ दिवसांत उत्तर हवे होते ते एका साध्या प्रश्नाचे, की तिला शेवटचे कोणी, कधी आणि कुठे पाहिले. प्रत्येक पाळीला खाटेगणिक हजेरी घेतली जात असेल आणि खाट रिकामी दिसताच कोणत्या जागा कोणत्या क्रमाने पाहायच्या हे ठरलेले असेल, तर हा शोध दिवसांवर जात नाही. शौचालयात तोल जाणे आणि विसरभोळेपणामुळे फाटकाबाहेर निघून जाणे हे धोके वृद्धाश्रमात रोजचेच असल्याने पाळी बदलतानाची हजेरी तिथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची नोंद ठरते.

साथीनेच दुसरी गोष्टही शिकवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण बाधित आढळले. त्यांतल्या बहुतेकांचे लसीकरण झालेले होते आणि अनेकांना आधीपासूनचे आजारही होते. अशा वेळी कोणाला आधी हलवायचे आणि कोणाला जागेवर ठेवून चालेल हे तासाभरात ठरवावे लागते. मधुमेह, दमा, हृदयविकार, लसीच्या तारखा यांची यादी आधीच तयार असेल तरच ते शक्य होते.

माणूस ओळखण्याची अडचण

चांगल्या नोंदीची पहिली पायरी म्हणजे हा कोण, हे निश्चित करणे. ते वाटते तितके सोपे नाही. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख १ जून लिहिली गेली, आणि केवळ वर्ष ठाऊक असलेल्यांच्या आधारवर १ जानेवारी आली. एकाच आश्रमात एकाच जन्मतारखेचे चार-पाच जण सहज निघतात. आधारवरचे, पेन्शनच्या कागदावरचे आणि रेशनकार्डावरचे नाव जुळत नाही. आश्रमात हाक मारतात ती ‘आप्पा’, ‘नाना’, ‘बापू’, ‘माय’ अशा नावांनी. औषधाच्या वहीत ‘बापू – सकाळ १, रात्र १’ असे लिहिलेले असेल आणि दालनात दोन बापू असतील, तर नवा कर्मचारी चुकणारच. म्हणून पूर्ण नाव, हाकेचे नाव, अलीकडचे छायाचित्र आणि संस्थेने दिलेला, कधीही न बदलणारा क्रमांक ही चार अंगे एकत्रच असावीत.

भुसावळला या अडचणीला आणखी एक पदर आहे. रेल्वेचे विभागीय ठाणे, आयुधनिर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे इथे निवृत्त कर्मचाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची मुळे देशाच्या निरनिराळ्या भागांत आहेत. रेल्वेच्या निवृत्तांकडे ‘उम्मीद’ हे वैद्यकीय ओळखपत्र असते आणि त्यांचे उपचार रेल्वे रुग्णालयात चालतात. शेतकरी कुटुंबातून आलेल्या आजींचे कागद उपजिल्हा रुग्णालयात असतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे वय वंदना कार्ड सुरू झाले. कोणाचा उपचार कोणत्या दारातून होतो, हे रात्री बाराला ड्रॉवर उपसून शोधायचे नसते.

भाषेचीही नोंद हवी. स्मृतिभ्रंश वाढला की पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते. आयुष्यभर प्रमाण मराठी किंवा हिंदी बोललेला माणूस अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलू लागतो. तेलुगू किंवा सिंधी घरातून आलेल्या निवाशाचे दुखणे तर कर्मचाऱ्यांना कळतही नाही. कोणत्या भाषेत विचारले की उत्तर येते आणि ती भाषा येणारे आसपास कोण आहे, या दोन ओळी कित्येक तपासण्यांइतक्या उपयोगी पडतात.

काय नोंदवावे

प्रत्येक निवाशासाठी एकच पान पुरेसे आहे, पण ते ताजे हवे. त्यावर ओळख, भाषा, चष्मा, कवळी व श्रवणयंत्र, वर्ज्य औषधे, चालू औषधांची मात्रा व वेळ, शेवटचा बदल कोणत्या डॉक्टरांनी कधी केला, उपचाराची कार्डे, कळवायच्या माणसांचा क्रम आणि उपचारांबाबत निवाशाची स्वतःची इच्छा एवढे असावे.

या पानावरची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसाची नेहमीची अवस्था. रात्री अकराला ऐंशी वर्षांचे आजोबा असंबद्ध बोलत असलेले रुग्णालयात आणले जातात. बरोबर आलेला मदतनीस चार दिवसांपूर्वीच कामाला लागलेला असतो. वय पाहून तपासणाऱ्याला हा जुना विसरभोळेपणा वाटू शकतो. पण पानावर ‘स्वतः वर्तमानपत्र वाचतात, काठी घेऊन चालतात, नाव-गाव बिनचूक सांगतात’ असे असेल, तर आजचे बरळणे नवे आहे हे लगेच उमगते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा साखर उतरणे यांचा शोध सुरू होतो. हे सगळे उपचाराने सावरण्यासारखे असते. दोन ओळींच्या नोंदीवर पुढचे सारे अवलंबून राहते.

रोजच्या नोंदीत बदल लिहावा, स्थिती नव्हे. सगळे नेहमीसारखे असेल तर एक खूण पुरते. जेवण अर्धे टाकले, दोन दिवस शौचाला झाले नाही, पाय सुजले, रात्री तीनदा उठले, हे मात्र शब्दांत यावे. महिन्यातून एकदा वजन घ्यावे, कारण वृद्धांचे वजन घटणे हे अनेक दुखण्यांचे पहिले लक्षण असते. स्थानिक परिस्थितीनुसार काही भर घालावी लागते. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत पाणी किती प्यायले आणि लघवी किती वेळा झाली हे लिहावे, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांची यादी डॉक्टरांना आधीच दाखवावी. उपवासाचेही तसेच आहे. एकादशीला किंवा नवरात्रात उपवास करणाऱ्या मधुमेही निवाशाने नेहमीची गोळी घेतली आणि जेवण टाळले, तर साखर धोकादायक उतरू शकते. कोण कोणते उपवास धरते हे औषधाच्या पानावरच असले पाहिजे.

उलट, काही गोष्टी लिहूच नयेत. मुलाने का सोडले, सुनेशी काय झाले, मालमत्तेचा वाद कोणाशी आहे, याचे रसभरित तपशील काळजी घेण्यास लागत नाहीत. बँकेचे पासवर्ड, एटीएमचे पिन आणि मोबाइलवर येणारे ओटीपी कोणत्याही वहीत येता कामा नयेत. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्या देता येतो, आणि त्यासाठी कर्मचारीच पुष्कळदा निवाशाचा मोबाइल व आधार हाताळतात. कोणी, कोणत्या दिवशी, कशासाठी हाताळले एवढी नोंद दोघांनाही संरक्षण देते.

कोणाला, किती

माहिती मागणारे चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा असतो. पहिले उपचार करणारे. त्यांना ते एक पान पूर्ण द्यावे, आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड परत येताच त्यातील औषधबदल त्याच दिवशी पानावर चढवावेत. परतीचा हा टप्पा हमखास सुटतो. जुन्या गोळ्या चालूच राहतात आणि नव्याही सुरू होतात.

दुसरे नातेवाईक. ‘नातेवाईक’ म्हणजे एकमताने वागणारा गट, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची दाद ज्येष्ठांना मागता येते. त्यामुळे प्रकृतीची बातमीही वादात वापरली जाऊ शकते. दाखल करणारा मुलगा सगळे जाणून घेण्यास आपोआप पात्र ठरत नाही आणि परगावी दिलेली मुलगी आपोआप वगळली जात नाही. कोणाला काय सांगायचे हे निवाशानेच ठरवावे आणि तसे लिहून ठेवावे.

तिसरे शासन. समाजकल्याण आणि आरोग्य खात्याला नावे लागत नाहीत, आकडे लागतात. महिन्यातील निवासी, नवे दाखल, मृत्यू, पडल्याच्या घटना, रुग्णालयात हलवलेले, ताप किंवा जुलाबाचे एकाच आठवड्यातील अनेक रुग्ण, एवढे पुरते. शेवटच्या आकड्याने साथ वेळीच कळते. अशा आकड्यांची गरज आणखी एका कारणाने आहे. भारतातील वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास म्हणून ओळखला जाणारा ‘लासी’ हा मोठा पाहणी अहवाल २०१७-१८ च्या फेरीवर आधारलेला आहे, पण त्याचा नमुना कुटुंबांतून निवडलेला आहे. वृद्धाश्रमात राहणारे अशा पाहण्यांच्या चौकटीबाहेर राहतात, आणि मोजणीत नसलेल्यांसाठी तरतूद करणे अवघड जाते.

चौथे म्हणजे देणगीदार आणि जनता. त्यांना संस्थेचे काम आणि हिशेब कळावा, निवाशाचे आयुष्य नव्हे.

संमती आणि कायदा

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हा कायदा डिजिटल स्वरूपातील आणि नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. म्हणजे कपाटातले रजिस्टर त्याच्या कक्षेत येत नाही, पण त्याच पानाचा फोटो काढून संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला की प्रश्न बदलतो. छोट्या संस्थांनी ‘आमच्याकडे संगणकच नाही’ म्हणून निश्चिंत राहू नये, ते याच कारणाने.

या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून आणि विशिष्ट कारणासाठी दिलेली असावी लागते, आणि सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही मागता येते. दाखल अर्जाच्या तळाशी ‘सर्व नियम मान्य’ असे छापून मुलाची सही घेणे यात बसत नाही. निवासी भानावर असेल तर संमती त्याचीच हवी. उपचारासाठी वेगळी, नातेवाइकांसाठी वेगळी, छायाचित्रासाठी वेगळी. छायाचित्राला ‘नाही’ म्हटल्याने जेवणाच्या ताटात फरक पडणार नाही, हे त्याला आधी स्पष्ट सांगावे लागते. जिवावरच्या आजारात माहिती देण्यासाठी संमतीची वाट पाहावी लागत नाही, अशी सोय कायद्यात आहे. स्वतः निर्णय घेता येईनासा झाल्यास आपले हक्क कोणी बजावावेत, हेही नेमून ठेवता येते. उपचार थांबवण्याविषयीच्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. बोलता येते आहे तोवर हे विषय काढणे हा दाखल प्रक्रियेचाच भाग असावा.

बाहेरचा अनुभव

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहांना प्रत्येक निवाशाचे ठरावीक नमुन्यात मूल्यमापन बंधनकारक झाले. त्यामुळे देशभर तुलना करता येऊ लागली. पण पुढे त्याच नोंदींवर पैसे आणि तारांकित मानांकन ठरू लागले, तेव्हा संस्थांनी स्वतः भरलेल्या आकड्यांवर किती विसंबायचे हा प्रश्न उभा राहिला. कर्मचारी संख्येसाठी तर २०१६ पासून पगारपत्रकावर आधारलेली माहिती मागवावी लागली. ब्रिटनमध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत रोज जाहीर होणाऱ्या मृत्यूंत सुरुवातीला रुग्णालयांतलेच मृत्यू ठळकपणे मोजले जात होते. २९ एप्रिल २०२० पासून शुश्रूषागृहांतले मृत्यू त्यात आले. म्हणजे न मोजल्याने माणसे दिसेनाशी होतात, आणि मोजणीला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की आकडे सजवले जातात. महाराष्ट्रात मासिक आकडे मागवायचे झाल्यास पहिली काही वर्षे ते मदत कुठे लागते हे कळण्यासाठी वापरावेत. ज्या आश्रमात पडण्याच्या घटना जास्त नोंदल्या जातात तो अधिक प्रामाणिकही असू शकतो.

आक्षेप

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. चाळीस निवाशांमागे तीन-चार मदतनीस मावशी असतील तर लिहायचे कोणी? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नव्या वह्या वाढवण्यापेक्षा जुन्या कमी कराव्या लागतील. पाच ठिकाणी लिहिलेले एका पानावर आणले आणि ‘बरे आहेत’ लिहिणे थांबवले, तर वेळ वाचतो. लिहिता न येणाऱ्या मावशीसाठी चित्रांच्या खुणा चालतात. आजींनी चहा नाकारला हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात येते, त्यामुळे तिला नोंदीतून वगळणे परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की वृद्धाश्रम हे घर आहे, त्याचे रुग्णालय करू नये. हाही रास्त आहे. कोण किती वाजता उठले, कोणाशी बोलले याची पाळत ठेवणारी नोंद घरपण घालवते. यावर उपाय म्हणजे निवाशाला स्वतःचे पान वाचण्याचा, ऐकण्याचा आणि दुरुस्त करवण्याचा हक्क देणे. जे त्याच्यासमोर वाचून दाखवता येत नाही ते बहुधा लिहायलाच नको असते.

तिसरा सूर उलट दिशेचा असतो, की अॅप आणले की सगळे सुटेल. ‘आभा’ या चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांकाने रुग्णालयांमधील कागद संमतीने जोडता येतात आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. पण जुनी यादी संगणकात भरली तरी ती जुनीच राहते. ताजेपणाची जबाबदारी नेमून दिलेल्या एका माणसावर नसेल तर यंत्र बदलून काही होत नाही.

क्रम

सुधारणेचा क्रम त्यामुळे साधा ठेवता येतो. आधी प्रत्येक निवाशाचे एक पान आणि पाळीगणिक हजेरी. मग पान ताजे ठेवणारा एक जबाबदार कर्मचारी आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर पडताळणी. त्यानंतर जवळच्या रुग्णालयाशी पानाच्या नमुन्याबद्दल बोलणी. भुसावळसारख्या ठिकाणी ही बोलणी रेल्वे रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय या दोन्हींशी लागतील. छायाचित्रांचा नियम दर्शनी फलकावर लावता येतो आणि त्याला खर्च येत नाही. संगणक आणि मासिक आकडे शेवटी. तपासणीची पद्धतही यातूनच निघते. तपासणाऱ्याने रजिस्टरांची थप्पी पाहण्यापेक्षा रात्रपाळीच्या वेळी कोणत्याही एका निवाशाचे पान मागावे, त्यावरची औषधे डब्यातल्या गोळ्यांशी ताडून पाहावीत, आणि पहिल्या क्रमांकाच्या नातेवाइकाला फोन लागतो का ते बघावे. पान पाच मिनिटांत मिळाले, गोळ्या जुळल्या आणि फोन लागला, तर त्या संस्थेच्या नोंदी कामाच्या आहेत असे म्हणता येईल.